गोळीचा गुलाबी थर

६ जुलै, रविवार

बाबारावांनी फर्मान काढलंय की नाटकातल्या प्रत्येकाने रोजनिशी लिहायची. भोपाळच्या कुठल्याशा नाट्यशिबिराला जाऊन आल्यापासून त्यांच्या डोक्यात असलं काहीबाही येतं. म्हणे नट लिहितो तेव्हा भूमिका अंगात मुरते. मुरो बापडी. मी सगळी नोकरी फॅक्टरीच्या तपासणी विभागात केली. तिथे रोज शेरे लिहिले, पण ‘पास’ आणि ‘रिजेक्ट’ यांच्यापलीकडे शब्द कधी लागले नाहीत.

तरी लिहायला बसलोय, कारण बातमीच तशी आहे. यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या नाटकात नायक मी आहे. मी, अंबादास नाफडे! आजवर मंडळासाठी दारं, खिडक्या, तुळशीवृंदावनं आणि एकदा तर अख्खी बैलगाडी ठोकून उभी केली, पण प्रेक्षकांनी मला पाहिलं ते आभाराच्या यादीत, तेही शेवटून दुसरं नाव.

नाटक बाबारावांनीच लिहिलंय, ‘अप्पा उठत नाहीत’. अप्पा नावाचा म्हातारा एके दिवशी दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसतो आणि जाहीर करतो की मी आता उठणार नाही. मुलगा, सून, शेजारी, सगळे येऊन हात टेकतात. शेवटी मुलगा म्हणतो, “अप्पा, उठा ना.” अप्पा म्हणतात, “नाही.” आणि पडदा. सव्वा तास रंगमंचावर, एकदाही आत जायचं नाही. मलाच का निवडलं असं विचारलं तर बाबाराव म्हणाले, की तू मुळातच हटवादी आहेस, तुला अभिनय करायची गरज नाही. मी ती स्तुती समजलो.

शैलजा प्रॉम्प्टर आहे. मंडळात तिच्याइतकी सावध प्रॉम्प्टर दुसरी नाही, हे तिचा नवरा असूनही कबूल करतो. मी धावत घरी येऊन तिला बातमी सांगितली. तर म्हणते, आधी प्रेशर दाखवून या. हिचा आनंद हा असा.

९ जुलै, बुधवार

गेलो. नेपियर टाउनमध्ये डॉ. मेघना पुराणिक. हिचे वडील फॅक्टरीत माझ्या शेजारच्या टेबलावर होते, त्यामुळे मी तिचा काका. इकडे हिंदी मुलखात वाढलेली, मराठी सगळं समजतं, बोलायला लागली की गाडी हिंदीच्या रुळावर जाते. प्रेशर निघालं १६८ आणि ९८. मी म्हणालो, रांझीहून स्कूटरवर आलोय, रस्त्यात खड्डे होते. ती म्हणाली, “काका, गड्ढे तो सबके लिए हैं.” पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं. फार फरक नव्हता.

तर जुनी गोळी बंद. नवी सुरू, आणि ही एकात दोन आहे. एक औषध रक्तवाहिन्या सैल करतं, दुसरं अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ लघवीवाटे काढून टाकतं. सकाळी नाश्त्यानंतर एक, अख्खी. जुनी चुकूनही सोबत घ्यायची नाही. दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. उलट्या-जुलाब झाले तर फोन करायचा. झोपेतून ताडकन उठायचं नाही, काठावर बसायचं, पाय टेकायचे, थांबायचं, मग उभं राहायचं. दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं, किडनी आणि क्षार बघायला. काही बदल करावासा वाटला तर आधी मला विचारा, असं दोनदा म्हणाली. शैलजा मान डोलवत होती, जणू परीक्षेला तिला बसायचंय.

घरी आल्या आल्या शैलजाने जुन्या गोळ्यांची पाकिटं उचलून नेली. एवढी तत्परता मला चहा देताना दिसत नाही.

१४ जुलै, सोमवार

लाज गेली.

मंडळाचा हॉल संध्याकाळी एका कोचिंग क्लासला दिलेला असतो, म्हणून तालीम सकाळी दहाला. आम्ही बहुतेक निवृत्त माणसं, आम्हाला काय. माझ्या मुलाचं काम करणारा आल्हाद फिजिक्स शिकवतो, त्याचे तास दुपारी असतात. सगळं जमून आलेलं. फक्त माझी गोळी सकाळी आठची, आणि तालीम दहाची.

पहिल्या प्रवेशात अप्पा एकदा उठले. दुसऱ्या प्रवेशात धावत गेले. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा बाबाराव खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून उभे होते. म्हणाले, “अंबादास, नाटकाचं नाव बदलून राहिलो मी. ‘अप्पा बसत नाहीत’.” आल्हाद हसता हसता खाली बसला.

परतताना शैलजा स्कूटरवर मागून म्हणाली, की मेघनाला फोन करून सांगा, ती काहीतरी सुचवेल. मी त्या मुलीला फ्रॉकमध्ये पाहिलंय. तिच्या बारशाचा पाळणा मी ठोकलाय. तिला फोन करून सांगू की तुझ्या काकांना दर वीस मिनिटांनी जावं लागतं? काही गोष्टी माणसाने आपल्या आपण सोडवायच्या असतात.

१७ जुलै, गुरुवार

सोडवली.

काल सकाळी गोळी बोटांत धरून उजेडात पाहिली. एक बाजू पांढरी, एक बाजू गुलाबी. मधोमध सरळ रेघ. म्हणजे दोन औषधं दोन थरांत, एकावर एक दाबलेली. माझ्यासारख्या माणसापुढे ही रेघ काढून ठेवणं म्हणजे आमंत्रणच.

गोहलपूरच्या भंगारबाजारात जाऊन ॲल्युमिनियमचा एक तुकडा आणला, कानशीने घासून त्यात गोळी उभी बसेल अशी खाच केली. दाढीचं नवं पातं. रेघेवर टेकवलं, वरून हलका ठोका. दोन थर स्वच्छ वेगळे, भुकटीसुद्धा नावाला. फॅक्टरीत असतो तर सगळ्यांना बोलावून दाखवलं असतं.

आता कुठला थर धावायला लावतो? आज फक्त पांढरा घेतला. तालमीत अप्पा एकदाही उठले नाहीत. बाबारावांनी पाठ थोपटली. गुन्हेगार गुलाबी, प्रयोगाने सिद्ध. पांढरा सकाळी घेईन, गुलाबी तालमीहून आल्यावर. औषध तेवढंच, फक्त वेळ वेगळी. यात कोणाला विचारण्यासारखं काय आहे?

शैलजाला सांगितलं नाही. ती रोज पाण्याचा पेला हातात देऊन उभी राहते. मी गोळी न्हाणीघरातच कापून ठेवतो आणि तिच्यासमोर पांढरा तुकडा तोंडात टाकतो.

२३ जुलै, बुधवार

गुलाबी दुपारी घेऊन चालत नाही. रात्रीची सबंध झोप मोडते, आणि सकाळी डोळे चुरचुरतात. संवाद विसरलो. शैलजाने एका प्रवेशात सहा वेळा आठवण दिली, त्यातल्या दोन मला लागल्या नव्हत्या, तिने घाईने दिल्या.

तेव्हा ठरवलं. नाटक होईपर्यंत गुलाबी बंद. फेकत नाही, फिल्मच्या जुन्या डबीत साठवतो आहे. नाटक झालं की रोज दोन-दोन घेऊन भरून काढीन. प्रेशरचं मुख्य काम पांढरा करतोच आहे.

जेवणाची चव मात्र बिघडली आहे. वरणाला, भाजीला, कशालाच पूर्वीची चव नाही, मागून जिभेवर काहीतरी कडवट राहतं. मी म्हटलं, मीठ बदललं का? शैलजा म्हणाली, तुमची जीभ बदलली. आणि उठून ओटा पुसायला लागली. स्वच्छच होता ओटा.

माझं काम तिला खुपतंय की काय, अशी मला शंका येते. इतकी वर्षं अंधारात बसून दुसऱ्यांचे संवाद म्हणायचे, आणि आता नवरा उजेडात. मनुष्यस्वभाव आहे.

३१ जुलै, गुरुवार

घरातलं प्रेशरचं यंत्र १५६ दाखवतं. मी यंत्र रिजेक्ट केलं. कुठलंही मोजमापाचं साधन वर्षातून एकदा प्रमाणित करून घ्यावं लागतं, हे घेतल्यापासून कोणी पाहिलेलं नाही. बाबारावांच्या यंत्रावर मोजलं तर १५८. म्हणजे त्यांचंही बिघडलेलं.

एक गोष्ट मात्र अभिमानाने नोंदवतो. खुर्चीत ताठ बसून गुडघा धरला होता. बाबारावांनी खिशातून त्यांची दुखण्याची गोळी काढली, म्हणाले, घे, अर्ध्या तासात नाचशील. मी साफ नकार दिला. डॉक्टरांनी मनाई केली आहे, म्हटलं, आणि मी पथ्याच्या बाबतीत तडजोड करत नाही. शैलजा विंगेतून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी कौतुक दिसलं.

१० ऑगस्ट, रविवार

राखीसाठी शैलजा नागपूरला जाऊन आली. तिचे दादा, रामकृष्ण, गेल्या दिवाळीपासून अंथरुणात आहेत. प्रेशरने डोक्यातली नस फुटली, उजवी बाजू गेली. बोलतात ते वहिनींनाच कळतं. फार वाईट. गोळ्या मधेच सोडल्या होत्या त्यांनी, बरं वाटतंय म्हणून. काही लोक काळजीच घेत नाहीत.

आल्यापासून शैलजा गप्प आहे. दुपारी तिकडे फोन केला आणि मग घरात भांडी आपटत होती. आज पुन्हा रक्ताच्या तपासणीचं काढलं. मी म्हटलं, नाटक झाल्यावर. म्हणाली, मेघनाने दोन-तीन आठवडे सांगितले होते, महिना झाला. मी म्हटलं, आता माझं रक्त नाटकात आहे, बाहेर काढू नको. मला वाटलं हसेल. ती आत गेली आणि मला एकट्याला जेवायला वाढून ठेवलं. आमटी कडवट.

१८ ऑगस्ट, सोमवार

नाटक बसलं. बाबाराव म्हणाले, तुझं बसणं बघून मला भीती वाटते, इतकं खरं आहे. खरं सांगायचं तर हल्ली मला बसूनच बरं वाटतं. पायात जोर कमी वाटतो. घरचे दोन जिने चढलो की मांड्या भरून येतात, ओठांभोवती मुंग्या येतात. कधी छातीत एखादा ठोका चुकल्यासारखा होतो, नवीन नटाचं होत असणार. बाबाराव म्हणतात, हेच ते, भूमिका अंगात मुरते आहे.

शैलजाच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने विचारलं, “अहो, असे धरून धरून काहून चालून राहिले?” मी अशक्तपणा म्हणालो. झालं. तेव्हापासून सकाळी शहाळ्याचं पाणी, दुपारी दोन केळी, संध्याकाळी पुन्हा शहाळं. ताकद येईल म्हणते. राग असला तरी बाई सेवेत कमी पडत नाही, हे मान्य करायला हवं. नारळवाला आता मला मामाजी म्हणतो.

२४ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम शुक्रवारी. आज लिहायचा कंटाळा आला आहे, पेन जड लागतंय.

३१ ऑगस्ट, रविवार

हे इस्पितळात बसून लिहितो आहे. सिविल लाइन्समधलं आहे, खिडकीतून एक मोठा चिंचेचा वृक्ष दिसतो. आज हाताला पेन धरवतं.

शुक्रवारी रंगीत तालीम. कपडे, दिवे, सगळं. मंडळाची वीस-पंचवीस माणसं बघायला बसलेली. नाटक सुरेख चाललं होतं, हशे बरोबर जागेवर येत होते. शेवटचा प्रवेश. आल्हाद म्हणाला, “अप्पा, उठा ना.” मी म्हणालो, “नाही.” पडदा पडला, पुन्हा उघडला. आता सगळ्यांनी पुढे येऊन नमस्कार करायचा, अप्पांनीसुद्धा. मी उठायला गेलो आणि उठलो नाही.

पाय होते, पण माझे नव्हते. हात खुर्चीवर दाबले, तेही ढिले. सगळे नमस्कार करून उभे आणि मी मधे बसलेला. समोरची मंडळी हसायला लागली, मग टाळ्या. कोणीतरी म्हणालं, “वाह अप्पा, क्या बात है.” बाबाराव विंगेत आनंदाने हात उडवत होते, त्यांना वाटलं मी हे मनाचं घातलं. मलाही एक क्षण वाटलं की हसू आलंय तर बसून राहावं. छातीत ठोके मधेच थांबून धावत होते.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एका शैलजाने. ती विंगेतून सरळ रंगमंचावर आली, सगळ्या दिव्यांच्या उजेडात, चष्मा डोक्यावर तसाच. माझ्यापुढे वाकली आणि म्हणाली, “उठा.” मी म्हणालो, “येत नाही.” तिने मागे वळून आल्हादला गाडी काढायला सांगितली. तिचा आवाज इतका शांत होता की टाळ्या थांबल्या.

इथे हृदयाचा आलेख काढला आणि रक्त घेतलं. मेघना स्वतः आली. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलेलं. सुया, सलाइन, कसलीशी पावडर पाण्यातून, आणि छातीला तारा लावून टक् टक् करणारं यंत्र. त्या यंत्राला रिजेक्ट करायचं माझ्या मनात आलं नाही. मी फार घाबरलो होतो.

काल थोडं बरं वाटल्यावर मेघना खुर्ची ओढून बसली. पुरी गोळी रोज घेत होता ना, तिने विचारलं. शैलजा म्हणाली, एकही दिवस चुकला नाही, मी स्वतः पाणी दिलं. मी पंख्याकडे बघत होतो. मग सांगितलं. रेघ, साचा, पातं, गुलाबी तुकड्यांची डबी, नाटकानंतर दोन-दोन घ्यायचा बेत, सगळं.

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “काका, अशा गोळीत दोन औषधं एकमेकांना सांभाळून ठेवलेली असतात. पांढरं पोटॅशियम अंगात थोपवून धरतं, गुलाबी ते बाहेर काढतं. तुम्ही बाहेर काढणारंच बंद केलंत. और प्रेशर भी पूरा कंट्रोल नहीं हुआ.” शिवाय सगळ्याच गोळ्या अशा स्वच्छ कापल्या जात नाहीत, कुठल्या तुकड्यात किती गेलं ते डोळ्यांना दिसत नाही. आणि साठवलेल्या एकदम घेतल्या असत्या तर दुसऱ्या टोकाला गेला असता.

जोडीने घासून बसवलेले भाग वेगळे करायचे नसतात. हे मी फॅक्टरीत येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवत आलो.

पण तेवढ्याने एवढं वाढायला नको होतं, मेघना म्हणाली. आणखी काय खात होता? शहाळी आणि केळी निघाली. तिने भुवया वर केल्या. मग विचारलं, घरात मीठ कुठलं?

शैलजाचा पदर आधीच खांद्यावर नीट होता, तो तिने पुन्हा नीट केला. “बदललं मी,” ती म्हणाली. “कमी सोडियमचं आणलं. जुन्या बरणीत भरून ठेवलं, यांना कळू नये म्हणून.”

त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. काहींना चांगलं, पण हे औषध चालू असताना विचारल्याशिवाय नाही. म्हणजे मी चोरून दार बंद केलं होतं आणि शैलजा चोरून आत भरत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण प्रेशरची काळजी घेतो आहोत.

मेघना गेली. मग मी म्हटलं, मला सांगितलं असतंस तर. तिने पाकिटावर काय लिहिलंय ते मला वाचायला दिलं असतं तर मी तेही रिजेक्ट केलं असतं, हे मला म्हणता म्हणताच कळलं. ती म्हणाली, “रामदादाला पाहून येते ना, तर त्या पलंगावर मला तुम्हीच दिसून राहता. रोज. भाजीत मीठ टाकताना पण.”

आणि ती रडली. मी तिला असं रडताना तिची आई गेली तेव्हा पाहिलं होतं.

दोन महिने मी समजत होतो की तिला माझ्या नाटकाचा राग आहे. तिला राग नव्हता, भीती होती. इतक्या जवळ बसून मला ती दिसली नाही, आणि मला त्याची फार लाज वाटते. मी तिला तसं सांगितलं. तारा लावलेल्या माणसाने बोलताना आवाज फार भरून आणू नये, यंत्र टक्टक् वाढवतं आणि नर्स धावत येते.

२ सप्टेंबर, मंगळवार

काल घरी आलो. आज पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट बरा आला तरच परवाचं नाटक, नाहीतर बाबाराव स्वतः अप्पा. बाबारावांना पाठांतर नाही, स्वतः लिहिलेलं असूनही. काल घरी येऊन बसले होते, चहा पिताना अप्पांचे संवाद पुटपुटत होते.

खरं सांगतो, मला हे नाटक करायचं आहे. मरायचं नाही, हेही आहे. दोन्ही एकदम लिहिताना विचित्र वाटतं.

संध्याकाळी मेघनाचा फोन आला. पोटॅशियम जागेवर. नवी गोळी दिली आहे, हीसुद्धा एकात दोन, पण जोडी वेगळी, पाण्याचं औषध नसलेली. अख्खी घ्यायची. मीठ नेहमीचं, पण बेताचं, लोणचं-पापड बंद. आठवड्याने पुन्हा रक्त. पायाला सूज आली तर फोन. शैलजाने फिल्मची डबी आधीच तिच्या हवाली केली आहे, आणि माझा ॲल्युमिनियमचा साचाही कुठे गेला ते मी विचारलेलं नाही.

आज मी धीर केला. फोनवरच विचारलं की समजा ती जुनीच गोळी चालू असती, तर नाटकाच्या वेळी, म्हणजे सव्वा तास, म्हणजे मला... ती म्हणाली, “काका, नाटक किती वाजता?” रात्री आठला, म्हटलं. ती हसली. गोळी सकाळी आठची, तिचं पाणी बहुतेक संध्याकाळपर्यंत निघून गेलं असतं, म्हणाली. त्रास होता तो सकाळच्या तालमींपुरता, आणि त्यासाठी वेळ थोडी मागेपुढे करता आली असती किंवा औषध बदलता आलं असतं. “एक फोन करते तो.”

शैलजा शेजारी उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काल नाटक झालं. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. मेघना पहिल्या रांगेत.

मी सव्वा तास बसलो. पायात जोर होता, संवाद सगळे आठवले, आठवण एकदाही लागली नाही. सुनेचं काम करणाऱ्या श्रद्धाच्या हातून चहाचा कप उलटला तेव्हा मी मनाचं एक वाक्य घातलं आणि त्याला सगळ्यात मोठा हशा आला. इतकी वर्षं पडद्यामागून ऐकलेला हशा समोरून कसा लागतो ते मला काल कळलं. ते सुख मी नाकारणार नाही.

शेवटचा प्रवेश. आल्हाद म्हणाला, “अप्पा, उठा ना.” मी “नाही” म्हणालो आणि नाटकात लिहिल्याप्रमाणे हळूच डावीकडे पाहिलं. तिथे विंगेत शैलजा होती. तिच्या मांडीवर संहिता मिटलेली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं तिने. समोर एवढी माणसं बसली होती, सगळ्यांना ठाऊक होतं की हा म्हातारा उठू शकतो आणि उठत नाही. तिला तेवढंच ठाऊक नव्हतं.

पडदा ओढणाऱ्याने दोरी हातात घेतली होती. मी खुर्चीच्या काठावर सरकलो. पाय टेकवले. थांबलो. आणि उभा राहिलो.

हॉलमध्ये टाळ्यांचा जो गदारोळ उठला त्याचं वर्णन आल्हाद करतो तसं मला करता येणार नाही. पडदेवाला गोंधळून थांबला. समोरच्या विंगेत बाबारावांनी कपाळावर हात मारला. त्यांचं नाटक बुडालं होतं, नावासकट. मी चार पावलं चालत डाव्या विंगेत गेलो. शैलजाने स्टूल सोडलं आणि माझं मनगट पकडलं, नाडी बघतात तसं.

आज सकाळी बाबारावांचा फोन आला. अर्धा तास बोलले. पंचवीस वर्षांची मैत्री, भोपाळच्या मंडळींपुढे मान खाली गेली, अप्पा उठले तर मग नाटक कशाबद्दल होतं, वगैरे. त्यांचं बरोबर आहे. मी सगळं ऐकून घेतलं आणि माफी मागितली. मग त्यांनी विचारलं, की निदान सांग तरी, काहून उठलास?

मी म्हटलं, शैलजा बघत होती.

ते म्हणाले, “वहिनींना नमस्कार सांग.” शैलजा स्वयंपाकघरात पोहे परतत होती. मी जाऊन सांगितला.